घराची किल्ली आणि मोतीचा पट्टा

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया झाली की खान्देशात घरांना कुलपं लागायला सुरुवात होते. कोणी लेकीकडे पुण्याला जातं, कोणी चारधामला. घरात कुत्रा असला तर किल्लीबरोबर तोही एखाद्या पुतण्याच्या, भाच्याच्या हवाली होतो. पुढचा संवाद धुळ्यातल्या देवपुरातल्या एका घरातला. मावशी पशुसंवर्धन खात्यातून पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या, तर भाचा जळगावला काकांचं घर राखायला निघालेला. त्या घरात मोती नावाचा लॅब्रॅडोर आहे आणि राणी नावाची गावठी कुत्री.

भाचा : मावशी, परवा निघतोय. काका म्हणाले, दोन वेळा खायला घालायचं, दोन वेळा फिरवून आणायचं, बाकी काही नाही. एवढंच असतं ना?

मावशी : त्यांच्यासाठी एवढंच असतं, कारण बाकीचं सगळं त्यांच्या अंगवळणी पडलंय. गेटची कडी नुसती सरकवली तर मोती नाकाने उघडतो. घंटागाडीचं गाणं वाजलं की राणी पलंगाखाली शिरते. ताटलीजवळ हात नेला की ती गुरगुरते. यात सांगण्यासारखं काही आहे असं काकांना वाटणारच नाही. नोकरीत माझ्याकडे अशी कितीतरी कुत्री यायची, ज्यांचा मालक गावाला गेलेला असायचा. आणणारा पाहुणा घामाघूम. "कुत्रं खाई नही ऱ्हायनं" एवढंच तो सांगायचा. वजन किती, लस कधी दिली, काल काय खाल्लं, असं विचारलं की गप्प. माया कमी नसायची रे कुणाची. विचारून घ्यायचा संकोच नडायचा.

भाचा : संकोच कसला? काका तर घरचेच.

मावशी : घरचे म्हणूनच. परक्याचा कुत्रा सांभाळायला घेतलास तर तू चार प्रश्न विचारशील. काकांना "लसीचं कार्ड दाखवा" म्हणताना तुझी जीभ अडखळेल. रात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर किती खर्च करू, हे तर आपल्याकडे तोंडातून निघतच नाही. मग रात्री अकराला कुत्रं उलट्या करायला लागतं, काकांचा फोन लागत नाही आणि पुतण्या सकाळची वाट बघत बसतो. त्या रात्रीत फार बिघडतं. म्हणून परवा नको, उद्याच जा. काका-काकू घरात असतानाच एक पूर्ण दिवस त्यांच्याबरोबर राहा. संध्याकाळी पट्टा तुझ्या हातात आणि काका नुसते शेजारी. जेवण तू वाढ. काय काय राहून गेलंय ते आपोआप समोर येईल.

भाचा : बरं, उद्याची एसटी पकडतो. पण मला खरी धास्ती उन्हाची आहे. जळगावात पारा ४५ च्या वर जातो.

मावशी : धास्ती योग्य आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, तेवढाच. बाकी सगळं काम धापा टाकून चालतं. जिभेवरचं, तोंडातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि त्याने रक्त गार होतं. आता तुमच्या घरातला कूलर आठव. तोही पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात खोलीतली हवा दमट होते. मग कूलरही गार करत नाही आणि कुत्र्याच्या जिभेवरचं पाणीही उडत नाही. आपल्याला नुसतं चिकचिक वाटतं, पण कुत्र्याच्या जिवावर बेततं. कूलरसमोरची खिडकी उघडी असलीच पाहिजे.

भाचा : हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी तर दार लावूनच झोपतो.

मावशी : कूलरचं आणखी एक सांगते. तो पत्र्याचा असतो, खालून थेंब थेंब पाणी गळतं आणि कुत्रं नेमकं तेच चाटायला जातं. ओलं नाक, ओले पंजे, अनवाणी पाय. अर्थिंग नीट नसलेल्या कूलरने माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तू गेल्या गेल्या वायरमन बोलावून अर्थिंग बघून घे. पाणी भरताना पिन काढून ठेव, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि पाण्याची भांडी कूलरपासून लांब, दोन वेगवेगळ्या जागी ठेव. एक सांडलं तर दुसरं असतं. माठासारखं मातीचं पसरट भांडं उत्तम.

भाचा : आणि फिरवायला कधी न्यायचं?

मावशी : पहाटे सहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतर. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकव आणि सात आकडे मोज. तेवढा वेळ हात ठेववला नाही तर कुत्र्याचे पाय भाजणार. दुपारी वरच्या मजल्यावर ठेवू नकोस, तिथे स्लॅब तापते. लाइट गेली की दोघांना खाली मोरीजवळच्या फरशीवर आण.

भाचा : ऊन लागलंय हे ओळखायचं कसं?

मावशी : धापा टाकणं थांबतच नाही, लाळ घट्ट तारेसारखी लोंबते, हिरड्या लालभडक होतात, चालताना झोक जातो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, ते १०४ च्या वर गेलं की धोका. तेव्हा आधी गार करायचं, मग दवाखाना. पोटावर, मांड्यांत, पंजांवर नळाचं पाणी ओतत राहायचं आणि वरून पंखा लावायचा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नकोस, तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागतो. आणि तो उठून बसला तरी डॉक्टरला दाखवच. मूत्रपिंडाचा, रक्त गोठण्याचा बिघाड नंतर दिसतो.

भाचा : खाण्याचं सोपं असेल. आपलं जेवण थोडं थोडं दिलं तर चालतं ना? काकूंनी जाताना भरीत करून ठेवणार म्हणून सांगितलंय.

मावशी : तुझ्यासाठी ठेवतील. कुत्र्यांच्या ताटात त्यातला एक घासही जाता कामा नये. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वांगं गुणाचंच आहे. पण त्यात पातीचा कांदा असतो, लसूण असते, मिरची असते. शेवभाजीच्या रश्शातही तेच. कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने ते जात नाहीत. आणि लक्षणं त्याच दिवशी दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबूस होते. तोवर तू ते भरीत विसरून गेलेला असतोस.

भाचा : मग चालतं काय?

मावशी : जे ते रोज खातात तेच, तेवढंच. बदल करायचा नाही. भाकरीचा तुकडा, बिनमिठाचा भात, उकडलेलं अंडं, केळ्याचा छोटा तुकडा यांनी काही होत नाही. पण आखाजीचे दिवस आहेत, घरात आमरस होणार, आणि तिथे मोठा धोका आहे तो कोयीचा. लॅब्रॅडोर चावत बसत नाही, गिळतो. कोय आतड्यात अडकली की वारंवार उलट्या, पोट दुखून पाठीची कमान, शी बंद. औषधाने ती सुटत नाही, पोट उघडावं लागतं. मी काढलेल्या कोयी अजून डोळ्यांसमोर येतात. कोयी, सालं झाकणाच्या डब्यात टाक आणि घंटागाडी येईपर्यंत डबा ओट्यावर ठेव.

भाचा : द्राक्षं देऊ नयेत हे ऐकलंय.

मावशी : द्राक्षं, मनुका, बेदाणे, काहीच नाही. त्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आता टार्टारिक आम्ल आपल्या घरात सगळ्यात जास्त कशात असतं? चिंचेत. उन्हाळ्यात आपल्याकडे चिंच फोडून, मीठ लावून गोळे करून ठेवतात. ते खाटेखाली परातीत पडलेले असतात. काकूंची चिंच कुठे आहे ते बघ आणि फडताळात वर ठेव. चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगम हेही वर. चुकून काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नकोस, त्या मिठाचंच विष होतं. काय खाल्लं, किती, कधी, आणि कुत्र्याचं वजन, एवढं डॉक्टरला फोनवर सांगता आलं पाहिजे.

भाचा : ताप आला तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळी?

मावशी : अजिबात नाही. पॅरासिटामॉल नाही, आयब्युप्रोफेन नाही, डायक्लोफेनॅक नाही. डायक्लोफेनॅकचं नाव निघालं म्हणजे माझं मन गिधाडांकडेच जातं. हे औषध टोचलेली गुरं मेली आणि ती खाऊन गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. एक साधी वेदनाशामक गोळी दुसऱ्या प्राण्यात काय करते याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. कुत्र्याच्या जठराला, मूत्रपिंडाला या गोळ्या सोसत नाहीत.

भाचा : राणीच्या अंगावर गोचीड असतात म्हणे.

मावशी : ते रोज बघायचं. रात्री फिरवून आणलं की कानाच्या आत, मानेच्या पट्ट्याखाली आणि पंजाच्या बोटांच्या बेचक्यात हात फिरव. मसुराएवढी गाठ लागली तर ती गोचीड. चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ ओढायची. रॉकेल टाकायचं नाही, बोटांनी चिरडायची नाही. गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून आंघोळ घालतात, त्याने कुत्री थरथरत माझ्याकडे आलेली आहेत. गोचीड चावल्याने एर्लिकिया, बॅबेसिया असे रक्ताचे आजार होतात. त्यासाठी एक खूण शिकून ठेव. वरचा ओठ उचल, हिरडी अंगठ्याने दाब आणि सोड. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. काका असतानाच दोघांची हिरडी बघून ठेव, म्हणजे त्यांचा नेहमीचा रंग तुला ठाऊक असेल.

भाचा : मालक गेल्यावर कुत्री जेवत नाहीत, त्याचं काय?

मावशी : पहिला दिवस उपास पडला तर घाबरू नकोस. पाणी पितायत ना, एवढं बघ. ताटली वीस मिनिटं ठेव आणि उचल. मनधरणी करत चार पदार्थ बदललेस की पोट बिघडतं. काकांची वापरलेली, न धुतलेली बनियन कुत्र्यांच्या गोधडीवर टाक. रात्री त्यांच्याच खोलीत झोप. दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही, किंवा पाणीही सोडलं, तर दवाखाना.

भाचा : आणि चावली तर? राणीचं ते गुरगुरणं...

मावशी : गुरगुरणं थांबवू नकोस, त्यासाठी रागवायचं नाही. ती तिची पूर्वसूचना आहे. मारून गुरगुरणं बंद केलेलं कुत्रं पुढे न सांगता चावतं. दोघांच्या ताटल्या वेगळ्या खोल्यांत. तरी दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीपूड काही भरायचं नाही. मग सिव्हिलला जायचं. घरचंच कुत्रं आहे, लस दिलेली आहे, म्हणून घरी बसायचं नाही. रेबीज एकदा दिसायला लागला की उपाय नाही, त्याआधीची लस हाच उपाय. दंडात घेतली तर त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत देतात तेव्हा चौदाव्याची गाळतात. जखम खोल असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं. आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची.

भाचा : काकांना काय सांगू अशा वेळी?

मावशी : जे झालं ते, त्याच तासाला. त्यांची सुट्टी खराब होईल म्हणून लपवलेली गोष्ट डॉक्टरपासूनही लपते. जुना आजार, चालू औषध हे फक्त त्यांनाच माहीत. खासगी डॉक्टरचा रात्रीचा नंबर त्यांच्याकडून घे. खात्याच्या फिरत्या पथकाचा १९६२ हा टोल फ्री नंबरही फ्रिजवर लिहून ठेव.

भाचा : घराचं काही?

मावशी : पाणी. जळगावात नळाला रोज पाणी नसतं, वार विचारून घे. कुत्री सुटतात ती याच वेळी. पाणी आलं, मोटर लावायला धावलास, गेट ढकललं आणि मोती रस्त्यावर. आधी पट्टा खुंटीला अडकव, मग मोटर. सुटलाच तर मागे पळू नकोस. तू पळालास की त्याला खेळ वाटतो आणि तो हायवेकडे जातो. खाली बस, डबा वाजव, नावाने हाक मार. दिसेनासा झाला तर एक माणूस गेट उघडं ठेवून घरीच थांबला पाहिजे, कारण बरीच कुत्री आपली आपण घरी येतात. पट्ट्यावर मोबाइल नंबर लिहायचा, पण तुझा. काका तर गावात नसतील.

भाचा : ते परत येतील त्या दिवशी मी सुटलो म्हणायचं.

मावशी : त्या दिवशी सगळ्यात जास्त जप. रिक्षा थांबते, काकूंचा आवाज येतो, तू आनंदाने गेट उघडतोस आणि दोन्ही कुत्री सामानावरून, चाकांखालून उड्या मारत बाहेर. काकांना फोन करून सांग, दारातून हाक मारू नका. रिक्षा जाऊ दे, सामान आत येऊ दे, गेटला कडी आणि वर साखळी लागू दे. मग घराचं दार उघड. आणि आता फोन लाव त्यांना. मोतीचं वजन किती आणि दोघांची शेवटची लस कधी झाली, हे माझ्यासमोरच विचार.