जोशीची गोष्ट कळली, शिरोडकरची राहिली

ते पुस्तक उशीखाली सरकवू नकोस गं. ‘अकरावीत गेलीस, आता काहीतरी दर्जेदार वाच,’ असं काकू म्हणाल्या आणि तुझा चेहराच पडला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण शाळकरी वयाच्या गोष्टी म्हणजे हलकं वाचन, हे मला मुळीच पटत नाही. ते तुझ्या मनात घर करू नये म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

आधी लंपनचं घेऊ. प्रकाश नारायण संतांनी त्याच्या पहिल्या कथा साठच्या दशकात लिहिल्या, मग मोठा खंड पडला आणि ‘वनवास’ हा संग्रह आला तो १९९४ मध्ये. कऱ्हाडच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणारा हा माणूस. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. चारही पुस्तकं आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या एकाच मुलाची! त्याची भाषा सावकाश वाच. बेळगावकडची कानडी वळणाची मराठी, आणि एखादी गोष्ट किती वेळा झाली हे सांगताना वाटेल तो भलामोठा आकडा ठोकून द्यायची सवय. मैत्रीण सुमीबद्दल आपल्याला काय वाटतं ते लंपनला नीट सांगता येत नाही, आणि संतही त्याच्या वतीने ते सांगून टाकत नाहीत. मोठेपणी आलेलं शहाणपण खिशात ठेवून मुलाएवढंच बघायचं, मुलाएवढंच बोलायचं, हे फार अवघड काम आहे. प्रौढांच्या कादंबरीत लेखक अडला तर पानभर चिंतन लिहून पुढे सरकू शकतो. इथे ती सोय नाही.

मग ‘शाळा’. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी २००४ ची, पण तिच्यातला काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला त्यांचा अड्डा आणि त्याला आवडणारी शिरोडकर. ती कुठल्या रस्त्याने येईल, केव्हा दिसेल, याचे हिशोब मांडण्यात जोशीचे दिवस जातात. त्याच दिवसांत देशात लोकांना तुरुंगात टाकलं जात होतं, आणि मोठ्यांचं त्याविषयीचं बोलणं या पोराच्या कानावर अर्धवट पडतं. आणीबाणीवर पुस्तकं पुष्कळ आहेत. पण वरून आलेला हुकूम खाली वर्गातल्या बाकापर्यंत कसा पोचतो, हे मला कळलं ते जोशीमुळे. शिवाय मुलामुलींनी एकमेकांना आडनावाने ओळखणं, मधल्या सुट्टीतल्या शिव्या, चिडवाचिडवी, मास्तरांची दहशत, हे सगळं त्यात जसंच्या तसं आहे. इतिहासाच्या पुस्तकात याची नोंद कोण ठेवणार?

एक गोष्ट मात्र मला मनापासून खुपते. शिरोडकरच्या मनात काय चाललं होतं? जोशी तिच्याकडे बघतो, आपण जोशीबरोबर बघतो. ती काय बघत होती? श्याम, गोट्या, फास्टर फेणे, लंपन, जोशी. मराठीत या वयाची म्हणून जी नावं चटकन ओठांवर येतात, ती सगळी मुलांची. आपल्यातल्या कितीतरी जणींना स्वतःचं घर सापडलं ते अनुवादात, शांता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’त. लुइझा मे अल्कॉटची मूळ कादंबरी १८६८ ची, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली. त्यात धाकटी ॲमी रागाच्या भरात मोठ्या बहिणीने, ज्योने, खपून लिहिलेल्या गोष्टींची वही जाळून टाकते. ज्योकडे दुसरी प्रत नसते. ॲमी माफी मागते, पण ज्योचा राग जात नाही. पायाखालचा बर्फ फुटून ॲमी नदीत पडते तेव्हा कुठे ज्यो हादरते. घरात आपल्याला ‘सख्ख्या बहिणी असून भांडता काय’ एवढंच ऐकायला मिळतं. तो राग किती खोल जातो आणि नंतर स्वतःचीच कशी भीती वाटते, हे मला त्या पानांनी सांगितलं.

आणि एस. ई. हिंटन माहीत आहे का तुला? अमेरिकेतल्या टल्सा शहरातली मुलगी. शाळेतल्या श्रीमंत आणि गरीब पोरांच्या टोळ्या, त्यांच्या मारामाऱ्या ती रोज बघत होती, पण तिच्या वयासाठी म्हणून जी पुस्तकं मिळत, त्यांत हे कुठेच नव्हतं. पंधराव्या वर्षी तिने स्वतःच लिहायला घेतलं. ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये छापून आली तेव्हा ती अठराची होती. मुलीने लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक मनावर घेणार नाहीत, या धास्तीने मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं घातली गेली. इंग्रजीत या वयाच्या साहित्याला स्वतःची जागा मिळाली, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

या वयासाठी लिहिलेलं सगळंच चांगलं असतं असं मी म्हणत नाही. पात्राच्या तोंडून लेखक उपदेश करायला लागला, की खुशाल पुस्तक मिटून टाक. पण जे आवडतं ते चारचौघांत वाच, आणि का आवडलं ते कुणी विचारलं तर नीट सांग.

आणि एक वही कर. क्लास सुटल्यावर बसस्टॉपवर तुम्ही मैत्रिणी जे बोलता ते लिही, तुमच्याच भाषेत, मोबाइलवरच्या शब्दांसकट. कोण कुणाशी का बोलत नाही, घरी काय सांगता येत नाही, सगळं. शुद्धलेखनाचं मी बघेन. मला दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव.