जुन्या टॅबला नवे काम

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि काही काळ शिक्षणाची सारी भिस्त पडद्यावर आली. अनेक पालकांनी प्रसंगी उसनवारी करून मुलांसाठी टॅब घेतले. काही गावी लोकवर्गणीतून शाळांनाही ते मिळाले. पुढे शाळा पूर्ववत भरू लागल्या, यंत्रांचा वेग मंदावला, नवी ॲप त्यांवर चालेनाशी झाली आणि त्यांपैकी कित्येक टॅब आज कपाटात पडून आहेत. फाटलेल्या लुगड्याची गोधडी करणारी आणि रिकाम्या डब्यात तुळस लावणारी आपली घरे या वस्तूपुढे मात्र संभ्रमात पडतात. टॅब टाकवत नाही आणि त्याचे काय करावे हेही उमगत नाही. या दृष्टीने काही गोष्टींचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

निकामी काय झाले?

टॅब जुना झाला असे म्हणताना दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे यंत्र आणि दुसरी म्हणजे ते चालविणारी कार्यप्रणाली. यंत्राचा पडदा, ध्वनिवर्धक व कॅमेरा बहुधा सुस्थितीत असतात. कालबाह्य होते ती प्रणाली. उदाहरणार्थ, अँड्रॉइड ४.४ ही प्रणाली २०१३ साली आली आणि ऑगस्ट २०२३ पासून गुगलने आपल्या प्ले सेवांचा तिला असलेला आधार थांबविला. अशा टॅबला सुरक्षाविषयक सुधारणा मिळत नाहीत. संकेतस्थळांची ओळख पटविणारी नवी प्रमाणपत्रेही त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे एखादे संकेतस्थळ उघडेनासे होते व टॅब बिघडला असा समज होतो.

यातून एक साधा नियम निघतो. ज्या कामाला इंटरनेट लागते ते काम जुन्या टॅबकडून काढून घ्यावे आणि ज्याला ते लागत नाही असे काम त्याच्याकडे सोपवावे. वाचणे, ऐकणे, ध्वनिमुद्रण करणे, छायाचित्रे पाहणे ही कामे तो पहिल्या दिवसाइतकीच चोख करू शकतो. टॅबमुळे पर्यावरणावर पडणारा बहुतांश भार त्याच्या निर्मितीतच पडून गेलेला असतो. साहजिकच तो जितकी अधिक वर्षे वापरात राहील तितका तो भार सार्थकी लागतो.

प्रथम परीक्षा बॅटरीची

कोणतेही काम सोपविण्यापूर्वी टॅबच्या लिथियम-आयन बॅटरीची परीक्षा घ्यावी. टॅब सपाट टेबलावर ठेवला असता डुगडुगत असेल, पाठ फुगली असेल किंवा कडेने पडदा उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा टॅब तत्काळ बंद करावा व पुन्हा चार्ज करू नये. तो दाबू नये, टोचू नये, घरी उघडू नये. कपडे, अंथरुणे व कागदपत्रे यांपासून दूर, फरशीसारख्या न पेटणाऱ्या जागी तो ठेवावा आणि लवकरात लवकर अधिकृत संकलन केंद्रात द्यावा. येथे काटकसरीचा मोह टाळलाच पाहिजे. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

बॅटरी सुस्थितीत असली तरी तिला दोन गोष्टी मानवत नाहीत: उष्णता आणि सतत पूर्ण भरलेले राहणे. जुना टॅब भिंतीवर टांगून अहोरात्र घड्याळ किंवा छायाचित्रांची चौकट म्हणून चालू ठेवावा असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु त्यासाठी चार्जर कायम जोडून ठेवावा लागतो आणि नेमका तोच वापर बॅटरीला सर्वाधिक घातक ठरतो. त्यापेक्षा दिवसातून एकदोन तासांचे काम द्यावे, साधारणतः २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान बॅटरी राखावी आणि घरातील माणसे जागी असतानाच ती चार्ज करावी. विजेचा खर्च अल्प असतो. १० वॅटचा चार्जर रोज २ तास वापरला तरी महिन्याला ०.६ युनिटहून अधिक वीज लागत नाही.

पूर्वतयारी

टॅब घरातच राहणार असेल तर त्यातील छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत अन्यत्र काढून घ्यावी, जुने खाते व खासगी माहिती काढून टाकावी, सिमकार्ड काढावे आणि टॅब फ्लाइट मोडवर ठेवावा. सर्व माहिती पुसून टॅब मूळ स्थितीत आणण्याची घाई मात्र करू नये. तसे केल्यास त्यावरील उपयुक्त ॲपही जातात आणि जुन्या प्रणालीसाठी ती पुन्हा मिळतीलच असे नाही. टॅब घराबाहेर जाणार असेल तेव्हा मात्र संपूर्ण माहिती पुसणे अत्यावश्यक आहे. त्यावेळीही आधी खाते काढावे आणि मग माहिती पुसावी; अन्यथा नव्या वापरकर्त्याकडे टॅब जुन्या खात्याची मागणी करीत राहतो. बँकेचे वा यूपीआयचे व्यवहार अशा टॅबवर कदापि करू नयेत.

एका टॅबला एक काम

जुन्या यंत्रावर दहा कामे लादली तर ते एकही नीट करीत नाही. म्हणून घरातील गरज पाहून एकच काम ठरवावे.

विद्यार्थी असलेल्या घरी टॅब हे वाचनाचे साधन होऊ शकते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ प्रती विनामूल्य उपलब्ध आहेत. त्या संगणकावर उतरवून केबलने किंवा मेमरी कार्डाने टॅबवर घेता येतात. मराठी विकिपीडियाची संपूर्ण प्रत इंटरनेटशिवाय वाचण्याची सोय किविक्स या ॲपमध्ये आहे. टॅबच्या प्रणालीवर ते चालते की नाही एवढे आधी पाहावे. खेळ आणि चित्रफिती नसलेला, केवळ पुस्तकांचा टॅब मुलांच्या हाती देताना पालकांची चिंताही कमी होते.

वृद्ध माणसांसाठी मोठ्या अक्षरांतील वाचन हा त्याचा उत्तम उपयोग होय. छापील पोथीतील किंवा औषधाच्या पाकिटावरील बारीक अक्षर कॅमेऱ्यातून मोठे करून पाहता येते. कीर्तने, अभंग, व्याख्याने साठवून ऐकण्याची सोयही करता येते. सर्वसाधारण प्रतीचे एक तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे ५८ एमबी जागा घेते. म्हणजे ४ जीबी मोकळ्या जागेत जवळजवळ ७० तासांचे श्रवण मावते.

तिसरा उपयोग सर्वांत मोलाचा आहे. घरातील आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, आजोबांना गावच्या विहिरींचा आणि दुष्काळाचा इतिहास ठाऊक असतो. टॅब समोर ठेवून नातवंडांनी प्रश्न विचारावेत आणि ते बोलणे मुद्रित करावे. नाव, गाव व तारीख आरंभीच बोलून ठेवावी आणि मुद्रणाची दुसरी प्रत अन्यत्र जपावी. टॅब कधीतरी बंद पडणारच. तो आवाज मात्र राहिला पाहिजे.

शाळा आणि ग्रामपंचायती

शाळेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असलेले जुने टॅब ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांची जडसंग्रह नोंदवहीत नोंद असते व निर्लेखनाची रीतसर कार्यवाही झाल्याखेरीज ते कोणास देता वा टाकता येत नाहीत. तोवर वर्गातील वाचनकोपऱ्यात किंवा गावच्या वाचनालयात त्यांचा उपयोग करता येईल. बॅटरी तपासून तारखेसह नोंद ठेवण्याचे काम एखाद्या शिक्षकाकडे सोपविल्यास धोकाही टळेल.

अखेरचा टप्पा

कोणतीही वस्तू एक दिवस निरुपयोगी होतेच. त्यावेळी टॅब घरच्या कचऱ्यात टाकू नये, जाळू नये अथवा विनापरवाना भंगारात देऊ नये. अशा भंगारातून धातू काढण्यासाठी तारा जाळल्या जातात व आम्ल वापरले जाते आणि त्याची झळ तेथे काम करणाऱ्यांना बसते. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये अशा कचऱ्याच्या पुनश्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली असून पुनश्चक्रीकरण नोंदणीकृत केंद्रांतच व्हावयाचे आहे. गावातील ई-कचरा वर्षातून एकदोनदा एकत्र करून अशा केंद्राकडे पाठविण्यात ग्रामपंचायती पुढाकार घेऊ शकतात.

गोधडी शिवणारी बाई कापडाचा कोणता भाग धड आहे आणि कोणता विरला आहे हे आधी हाताने चाचपून पाहते. जुन्या टॅबच्या बाबतीतही तेच करावयाचे आहे. धड आहे ते वापरावे आणि विरलेले वेळीच, योग्य हाती सोपवावे.