चाळणी नेमकी कुठे लावायची

शिरूरला एक संगणक, दौंडला दुसरा. दोन्हींवर जेंटू लिनक्स. जेंटूत पॅकेज सहसा सोर्सपासून आपल्याच यंत्रावर कंपाइल होतं आणि ते काम 'पोर्टेज' करतं. शिरूरचं यंत्र दणकट, म्हणून कंपाइल तिथे. तयार पॅकेजं पेनड्राइव्हवरून न्हावरा-चौफुला रस्त्याने दौंडला जातात. या ये-जा करण्यातून पक्क्या झालेल्या गोष्टी लिहून ठेवतो.

१. छोट्या फायलीसाठी यूज फ्लॅगची अपेक्षा धरू नका. यूज फ्लॅग म्हणजे पॅकेज कंपाइल होताना त्यातली एखादी सोय घ्यायची की नाही ते ठरवणारी खूण. लॉग छाटणाऱ्या लॉगरोटेटची चार-सहा ओळींची फाइल, सिस्टमडीची युनिट फाइल, बॅशची कम्प्लीशन फाइल यांनी डिस्क भरत नाही. फ्लॅग बदलला तर मात्र सगळं पॅकेज पुन्हा कंपाइल करायची वेळ येते, आणि मधेच वीज गेली की मोठ्या पॅकेजचे काही तास पाण्यात. जेंटूचं धोरण असं, की या फायली सरसकट बसवायच्या. ज्याला नको त्याने आपल्या यंत्रावर गाळाव्यात. मला ते मनापासून पटतं. उद्या कोणी यंत्रावरच्या सेवा सुरू करायला ओपनआरसी सोडून सिस्टमडीकडे वळला, तर युनिट फायली जागेवर तयार असतात.

२. गाळायला 'इन्स्टॉल मास्क' आहे. पोर्टेजच्या मेक.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये नको ते मार्ग लिहायचे. आधी बसलेल्या पॅकेजांना नवी यादी आपोआप लागत नाही, ती पुन्हा बसवावी लागतात. एखाद्याच पॅकेजला निराळा नियम हवा असेल तर पॅकेज.एन्व्ह.

३. सगळ्यात महत्त्वाचं हे. नावं सारखी वाटतात, पण 'इन्स्टॉल मास्क' आणि 'पीकेजी इन्स्टॉल मास्क' यांची कामं वेगळी आहेत. पहिला फाइल डिस्कवर उतरताना अडवतो. दुसरा बायनरी पॅकेज बांधतानाच ती काढून टाकतो. शिरूरला मी लॉगरोटेट वापरत नाही. दौंडची डिस्क लहान, तिथे लॉग वेळच्या वेळी छाटले गेलेच पाहिजेत. शिरूरला पॅकेजमधूनच फाइल काढली, तर दौंडला ती पोचणारच नाही. म्हणून पॅकेज अख्खं बांधायचं आणि चाळणी ज्या त्या यंत्रावर लावायची. दौंडला गाळलेली एखादी फाइल पुढे हवीशी झाली, तरी तिचा मार्ग मास्कमधून काढून तेच पॅकेज पुन्हा बसवलं की फाइल हजर; कंपाइल करायची गरज नाही. ज्याची दोन यंत्रं दोन गावांत आहेत, त्याला याची किंमत कळते.

४. ओपनआरसी वापरणाऱ्यांनी सिस्टमडीची अख्खी डिरेक्टरी मास्क करू नये. उपकरणं ओळखणारा युडेव्हचा डीमन त्याच डिरेक्टरीत असतो. फक्त युनिट फायलींची उपडिरेक्टरी लिहा. मास्कमध्ये मार्ग जितका नेमका तितकं बरं.

५. फाइल नकोच असणं वेगळं आणि आपण बदललेली फाइल जपणं वेगळं. जपायला 'कॉन्फिग प्रोटेक्ट' आहे. 'इटीसी'मधल्या तुमच्या फायलीवर पोर्टेज नवी फाइल थेट लिहीत नाही, शेजारी वेगळ्या नावाने ठेवतं. मग डिस्पॅच-कॉन्फ चालवून दोन्हींतला फरक ओळीओळीने वाचायचा आणि काय घ्यायचं ते आपण ठरवायचं. हे वाचन दर अपडेटनंतर लगेच करावं, दौंडच्या यंत्रावरही.