चिमुकल्या काचपेटीतील प्रवाळ : निवड आणि मांडणी

समुद्रतळाच्या खडकावर फुललेला प्रवाळ पाहून ती एखादी वनस्पती असावी असा समज होणे स्वाभाविक आहे. पूर्वीच्या विद्वानांचाही तोच समज होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेसोनेल या फ्रेंच वैद्याने प्रवाळ हा प्राणी असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा ते सहजासहजी कोणास पटले नाही. आज ही गोष्ट निर्विवाद आहे. प्रवाळाच्या वसाहतीतील प्रत्येक पॉलिप हा एक लहानसा प्राणी असतो. त्याला मुख असते, मुखाभोवती संस्पर्शकांचे कडे असते आणि त्या संस्पर्शकांत भक्ष्याला दंश करणाऱ्या सूक्ष्म कोशिका असतात. उष्ण, उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवले वास करतात. ती प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणून प्रवाळाला प्रकाश हवा. तो जागचा हलू शकत नाही, म्हणून अन्न आणणारे व मळ वाहून नेणारे पाणी हवे. त्याच्यापाशी दंशाचे शस्त्र आहे, म्हणून दोन शेजाऱ्यांत अंतर हवे. काचपेटीतील मांडणीचे सारे नियम या तीन गरजांतून निघतात.

लहान पेटीची अडचण

४५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच अशा पेटीत सुमारे ४० लिटर पाणी मावते. लहान पेटी सांभाळण्यास सोपी, असे नवशिक्यास वाटते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे या पेटीत ते १४०० ग्रॅम होतात. वाफ होऊन ४ लिटर पाणी उडाले, तरी क्षार मागेच राहतात आणि उरलेल्या ३६ लिटरांत त्यांचे प्रमाण लिटरला सुमारे ३९ ग्रॅमवर जाते. ४०० लिटरांच्या पेटीतून तेवढेच पाणी उडाले, तर हे प्रमाण जेमतेम ३५.४ ग्रॅम होते. म्हणून लहान पेटीत उडालेले पाणी रोजच्या रोज भरून काढावे, आणि तेही शुद्ध गोड्या पाण्याने. खारे पाणी घातल्यास क्षार वाढतच जातील.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. पेटी मांडल्यावर पहिले काही आठवडे प्रवाळ आणू नयेत. या काळात खडकावर व वाळूत जीवाणू वाढतात. ते विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर त्यामानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पाण्याच्या तपासणीत अमोनिया व नायट्राइट आढळेनासे झाले, म्हणजे पेटी सिद्ध झाली असे समजावे.

निवड

नवशिक्याने आरंभी मऊ शरीराचे प्रकार घ्यावेत. त्यांना दगडी सांगाडा बांधावयाचा नसल्याने पाण्यातील कॅल्शियमच्या थोड्याफार चढउताराने ते खचत नाहीत. अळंबीच्या छत्रीसारखा दिसणारा डिस्कोसोमा हा त्यांत सर्वांत सोशिक होय. लहान फुलांचा गालिचा पसरावा तसा वाढणारा झोअँथस आणि हिरव्या तारकांसारखा ब्रायरियम हेही काटक आहेत. कातड्यासारख्या पोताचा सार्कोफायटन मात्र मोठा होतो. ४० लिटरांत त्याचे एकच लहान रोप पुरे. काटेकोरपणे पाहता डिस्कोसोमा व झोअँथस हे प्रवाळांचे जवळचे आप्त आहेत. परंतु पेटीतील संगोपनाच्या दृष्टीने त्यांना एकाच गटात धरतात.

मांडणी

दिवा वर असल्याने पेटीच्या माथ्याशी प्रकाश प्रखर व तळाशी मंद असतो. डिस्कोसोमाला तळाशी, खडकाच्या आडोशाला ठेवावे. झोअँथस व सार्कोफायटन मधल्या उंचीवर ठेवावेत. कोणताही नवा प्रवाळ प्रथम तळाशी ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वर न्यावा. एकाएकी तीव्र प्रकाश मिळाल्यास तो आतील शैवले गमावून पांढरा पडतो. प्रकाश अपुरा पडल्यास बहुधा तपकिरी होतो किंवा प्रकाशाच्या दिशेने लांबत जातो. पंपाचा झोत कोणावरही सरळ येऊ नये. पॉलिप संथपणे डोलत असतील, तर प्रवाह योग्य आहे. ते एकाच बाजूला वाकून राहत असतील, तर तो अधिक आहे.

सार्कोफायटन अधूनमधून मिटतो आणि त्याच्यावर मेणासारखा पापुद्रा येतो. काही दिवसांनी तो पापुद्रा गळून पडतो व पॉलिप पुन्हा उमलतात. ही त्याची कात टाकण्याची रीत आहे. नवशिके तो मेला असे समजून त्याला फेकून देतात. निर्णयापूर्वी आठवडाभर वाट पाहणे इष्ट.

सर्वांत महत्त्वाची बाब अंतराची. दोन वसाहतींमध्ये निदान ७ ते १० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. ही जागा आज रिकामी दिसते. ती उद्याच्या वाढीसाठी आहे. ब्रायरियम तर जवळचा खडक व काचही झाकून टाकतो, म्हणून त्याला वाळूवर एका सुट्या दगडाचे बेट द्यावे. सार्कोफायटन पाण्यात अशी रसायने सोडतो की ज्यांनी दूरचा शेजारीही खुरटतो. त्यासाठी गाळणीत क्रियाशील कोळसा ठेवावा व तो नियमितपणे बदलावा.

दोन इशारे

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठातील मूर व शॉयर यांनी पॅलिथोआ या झोअँथसच्या आप्तापासून पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष वेगळे केले. बाजारात मिळणारे सारे नमुने विषारी नसले, तरी नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाहीत. म्हणून हातमोजे व चष्मा घातल्यावाचून त्यांना हात लावू नये. त्यांचे तुकडे पाण्याबाहेर कापू नयेत. ते चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नये, कारण वाफेबरोबर विष श्वासात जाऊ शकते. शाळेच्या पेटीत ते नसलेलेच बरे.

दुसरा इशारा कायद्याचा. कच्छचे आखात, लक्षद्वीप, मन्नारचे आखात, अंदमान-निकोबार आणि मालवणचा किनारा येथे प्रवाळ आढळतात. भित्तिका बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. समुद्रातून खडक उचलून आणण्याऐवजी पेटीसाठी कृत्रिम खडक वापरावा आणि पेट्यांतच वाढविलेल्या मऊ प्रकारांची रोपे, त्यांचे मूळ विचारून, घ्यावीत.

निरीक्षणासाठी

विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला एकाच दिवशी पाण्याचे तापमान व लवणता आणि प्रत्येक वसाहतीचा व्यास वहीत नोंदवावा. सहा महिन्यांच्या नोंदी एकापुढे एक मांडल्या, म्हणजे सुरुवातीला मोकळे ठेवलेले अंतर कसे भरत गेले हे त्यांच्या ध्यानात येईल. पहिल्याच दिवशी गच्च भरलेल्या पेटीत या वाढीला वाव राहत नाही. तेथे काही काळाने शेजारी एकमेकांना मारू लागतात आणि थोड्या पाण्यात कुजणारा एक जीव इतरांनाही घेऊन जातो. थोडे प्रवाळ घेणे व त्यांना पुरेशी जागा देणे, यातच लहान पेटीच्या संगोपनाचे यश आहे.