एकच ऊन, वर्ण अनेक

प्रश्न : भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत देशभरातली कुटुंबे दोन-तीन पिढ्या एकाच उन्हात राहत आहेत, तरी त्यांचे वर्ण सारखे का झाले नाहीत?

उत्तर : उन्हाने रापलेली कातडी संततीत उतरत नाही; त्वचेचा मूळ वर्ण मेलॅनिन या रंगद्रव्याच्या प्रमाणावर व प्रकारावर अवलंबून असून ते अनेक जनुके मिळून ठरवतात. विषुववृत्ताजवळ तीव्र अतिनील किरणांनी, गर्भाच्या वाढीस आवश्यक असणारे फोलेट हे जीवनसत्त्व नष्ट होऊ नये म्हणून गडद त्वचा टिकली, तर उत्तरेकडे, जेथे त्याच किरणांअभावी त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होईना, तेथे फिकी त्वचा उपकारक ठरली, असे नीना जाब्लोन्स्की व जॉर्ज चॅप्लिन यांनी 2000 साली मांडले. 1955 च्या करारानंतर भिलाईस आलेल्या सोव्हिएत तंत्रज्ञांची राजधानी उत्तर अक्षांशाच्या 55 अंशांपलीकडे, भिलाई 21 अंशांवर. त्यांच्या व स्थानिकांच्या वर्णांबाबत हा फरक पुरेसा बोलका आहे.

भारतात मात्र नुसत्या अक्षांशाने कोडे सुटत नाही. एसएलसी24ए5 या जनुकाचे त्वचा उजळ करणारे रूप युरोपीय व दक्षिण आशियाई लोकांत एकाच मूळ बदलातून आले, हे 2013 साली हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचा सहभाग असलेल्या संशोधनातून दिसले. हे रूप वायव्येकडे अधिक, दक्षिणेस व पूर्वेस कमी आढळते, आणि जातीजमातींतील बेटीव्यवहाराच्या कुंपणांमुळे शेजारच्या गटांतही त्याचे प्रमाण वेगळे राहते. शिवाय उन्हानुसार वर्ण बदलायला नैसर्गिक निवडीला हजारो वर्षे लागतात. भिलाईच्या वसाहतीचे वय शंभर वर्षेही नाही.