‘कचकचून’ म्हणजे नेमकं किती?

आमच्या पेणच्या घरी एक शब्द फार चालतो, ‘कचकचून’. नळाचा वॉयसर बदलायचा असो, पंखा टांगायचा असो की स्कूटरचा बोल्ट बसवायचा असो, सगळं कचकचून आवळायचं. मीही तेच शिकले आणि त्याची किंमत मोजली. ती गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचा अभ्यास कशासाठी ते कळेल.

मे महिन्याच्या सुट्टीत मी स्कूटरचं ऑइल स्वतः बदललं. मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हटल्यावर एवढं तरी यायलाच हवं ना! ड्रेन बोल्ट बसवताना मात्र भीती वाटली, सैल राहिला तर? म्हणून पान्याला पाइप जोडला आणि जोर लावला. बोल्ट आधी घट्ट झाला आणि मग एकदम मऊ लागला. मला वाटलं, छान बसला!

बाबा रोज पेणहून रोह्याला, धाटाव एमआयडीसीत कामाला जातात. दुसऱ्या दिवशी नागोठण्याला चहासाठी थांबले, तेव्हा स्कूटरखाली काळे थेंब दिसले. मागच्या टायरच्या कडेलाही ऑइल लागलेलं. पुढे भिसे खिंडीची वळणं होती. तिथे टायर घसरलं असतं तर काय झालं असतं, ते लिहायला नको.

स्कूटर टेंपोत घालून रोह्याला न्यावी लागली. मीही मागोमाग पोचले. मेकॅनिककाका बोल्ट बघून एवढंच म्हणाले, “आटे गेले.” आटे म्हणजे थ्रेड्स, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला तेव्हा कळलं. बोल्ट स्टीलचा आणि इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं, मग हार कोणाची होणार? भोकात नवे आटे पाडून त्यात हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेचं वेटोळं, बसवलं. बाबा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “अगं, इंजिनिअर होणार ना तू? मग अंदाजाने कशाला?”

चूक किती मोठी होती?

टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर, हे आपण अकरावीपासून पाठ करतो. मॅन्युअलमध्ये त्या बोल्टसाठी २४ न्यूटन-मीटर लिहिलं होतं. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर त्यासाठी १२० न्यूटन, म्हणजे साधारण १२ किलोचा जोर पुरतो. मी पाइप लावून लांबी ६० सेंटिमीटर केली. तोच जोर लावला तरी टॉर्क झाला ७२, म्हणजे तिप्पट! हाताला मात्र फरक जाणवत नाही, कारण हाताला जोर कळतो, टॉर्क कळत नाही. म्हणूनच टॉर्क रेंच हवा.

कोणता घ्यावा?

१) बीम टाइप : दांडा वाकतो आणि काटा आकडा दाखवतो. स्वस्त आणि साधा. आत नाजूक यंत्रणा नसल्यामुळे सहसा बिघडत नाही. काटा शून्यावर नसेल तर डोळ्यांनाच दिसतं. अडचण एकच, आकडा समोरून वाचावा लागतो आणि स्कूटरच्या पोटाखाली ते जमतंच असं नाही.

२) क्लिक टाइप : मूठ फिरवून आकडा लावायचा. तेवढा टॉर्क झाला की ‘टक्’ आवाज होतो. घरच्या कामाला सोयीचा. पण आत स्प्रिंग असते, म्हणून जपावं लागतं.

३) डिजिटल : वाचायला सोपा, पण महाग. शिवाय बॅटरी सांभाळायची.

दुकानात आपण आधी किंमत विचारतो. आधी रेंज विचारा. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे क्लिक रेंचची चूक साधारण ४ टक्क्यांच्या आत हवी (१० न्यूटन-मीटर आणि त्याहून लहान रेंचला ६ टक्के). पण ही हमी कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून पुढे असते. म्हणजे २१० पर्यंतचा अर्धा इंची रेंच ४२ च्या खाली भरवशाचा नाही. कारच्या चाकांच्या नटांना साधारण ८५ ते ११० लागतात, तिथे तो उत्तम. पण ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० च्या आसपासच लागतो. तो २१० च्या रेंचने आवळणं म्हणजे सोनं लाकडाच्या वखारीत तोलणं! दुचाकीसाठी ३/८ इंची, साधारण १० ते ५० किंवा ६० पर्यंतचा रेंच बहुतेक कामं करतो. एकाच रेंचने दुचाकी आणि कार दोन्ही भागवायचा मोह टाळा.

घरच्या घरी तपासणी

लॅबमधलं कॅलिब्रेशन आपल्या खिशाला नेहमी परवडत नाही. त्यावर बादलीचा उपाय आहे. रेंचचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरा. दांडा आडवा आणि वजनाने तो आवळायच्या दिशेने ओढला जाईल असा ठेवा. ३० वर सेट करा. मुठीच्या मध्यावर दोरीने बादली टांगा आणि मगाने हळूहळू पाणी ओता. टक् झालं की थांबा आणि बादली पाण्यासकट किराणा दुकानातल्या काट्यावर तोला.

माझ्या रेंचमध्ये चौकोनापासून मुठीचा मध्य ३० सेंटिमीटरवर होता आणि बादली भरली १० किलो. १० × ९.८१ × ०.३ = २९.४. यात रेंचचं स्वतःचं वजन मिळवायचं विसरू नका. तो १ किलोचा होता आणि बोटावर तोलला तर समतोल १५ सेंटिमीटरवर मिळाला, म्हणजे आणखी १.५. एकूण ३०.९. चूक ३ टक्के. पास!

वापरताना

टक् झालं की थांबा, खात्रीसाठी दुसरा झटका नको. घट्ट बसलेला बोल्ट सोडवायला हा रेंच वापरू नका, त्याला साधा गोटी पाना आहे. काम झालं की क्लिक रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून डब्यात ठेवा, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही.

आकड्याचं एकक बघा. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं आणि १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. गल्लत झाली तर दहापट चूक!

आणि आपल्या कोकणातल्या पावसाचं काय? गंजू नये म्हणून आपण आट्यांना सढळ हाताने ऑइल लावतो. पण लावलेल्या टॉर्कचा साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. ऑइलने घर्षण घटलं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून मॅन्युअलने सांगितलं नसेल तर आटे पुसून कोरडे करा.

आता बाबांच्या स्कूटरचा ड्रेन बोल्ट मी २४ वर आवळते. टक् ऐकू आलं की बाबा म्हणतात, “झालं कचकचून?” मी म्हणते, “नाही बाबा, झालं बरोब्बर!”