गिटारसाठी सातवा सेल

मुलांनो, स्नेहसंमेलनात इलेक्ट्रॉनिक गिटार मध्येच गप्प झाली तर? तिच्या सहा साध्या सेलचे, प्रत्येकी 1.5 प्रमाणे, 9 व्होल्ट होतात. संपले की ते फेकावे लागतात. निकेल-मेटल हायड्राइड सेल शेकडो वेळा चार्ज करता येतो. पण तो 1.2 व्होल्टचा असतो. सहांचे 7.2 व्होल्टच भरतात. एवढ्यावर गिटार नीट वाजली, तर काही बदलू नका. आवाज बिघडला, तर बाहेरच्या डबीत सात सेल एकापुढे एक जोडा, 8.4 व्होल्ट मिळतील. अंधेरीहून लोकलने ग्रँट रोडला उतरा. जवळच्या लॅमिंग्टन रोडवर अशा डब्या मिळतात. गिटारवरील धन-ऋण चिन्हे आधी पाहा. जोडणी उलटी झाली, तर गिटार बिघडेल.

प्रश्न : आठ सेलचे किती व्होल्ट होतील?